भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहण्यासारखे काय आहे आणि ते कसे उभे राहिले?

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिल्यावर राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही पाहावे का, आणि त्यात निराळे काय आहे, असे आपण विचारले आहे. अवश्य पाहावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र प्राचीन शिल्पे आणि लघुचित्रे पाहण्याच्या अपेक्षेने तेथे जाऊ नये, कारण या संग्रहाचा उगमच वेगळा आहे.

लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीची वाखाणणी झाली. त्यानंतर १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबईहून वस्तू धाडताना त्यांचे जोडनमुने (तशाच दुसऱ्या प्रती) येथेच ठेवून घेण्यात आले आणि कोटातील, म्हणजे आजच्या फोर्ट भागातील, बराकींत एक संग्रह आकाराला आला. १८५७ च्या उठावात गोऱ्या सैनिकांसाठी जागा हवी म्हणून लष्कराने त्या बराकी घाईने रिकाम्या करवल्या आणि त्या धांदलीत संग्रहाची मोठी नासधूस झाली. जे उरले त्याची पुन्हा घडी बसवली ती जॉर्ज बर्डवुड या डॉक्टरांनी. आणि नव्या इमारतीसाठी शहरातून वर्गणी उभी करण्यात पुढाकार घेतला तो डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांनी. १८६२ मध्ये काम सुरू झाले तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि त्यामुळे मुंबईत कापसाचा पैसा खेळत होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला, वर्गणी आटली आणि उरलेले बांधकाम सरकारला पुरे करावे लागले. २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने ते लोकांसाठी खुले झाले. आजचे नाव त्याला १९७५ मध्ये मिळाले, आणि ते सर्वस्वी योग्य आहे: ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झालेले, शिलालेख वाचणारे, मुंबईचे शेरीफपद दोनदा भूषवलेले भाऊ दाजी या संस्थेच्या उभारणीत अगदी सुरुवातीपासून होते.

आत गेल्यावर ओतीव लोखंडाचे खांब, मिंटन या इंग्लिश कंपनीच्या फरशा आणि सोनेरी नक्षीचे छत आधी लक्ष वेधून घेतात. मधल्या काळात फार दुर्दशा झालेल्या या वास्तूचे महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून जतन केले. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

तळमजल्यावर बिदरी काम (काळ्या धातूवर चांदीची जडणघडण), चांदीची भांडी, हस्तिदंती वस्तू आणि मुंबईच्या कलाशाळेत (सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये) घडलेली मातीची भांडी आहेत. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स विसाव्या शतकाच्या आरंभी या संग्रहालयाचेही अभिरक्षक (क्युरेटर) होते, त्यामुळे या दोन संस्थांचे नाते तेथे स्पष्ट दिसते. माझ्या मते मात्र सर्वाधिक वेळ द्यावा तो वरच्या मजल्यावरील मातीच्या छोट्या प्रतिकृतींना. मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींचे लोक, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे, पारशांच्या दख्म्याची (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची) प्रतिकृती असे सारे तेथे मांडलेले आहे. माणसांचे असे नमुने करून ठेवण्याची दृष्टी वसाहतवादी होती, हे खरे आणि ते विसरू नये; पण बोटभर उंचीच्या आकृतीत पागोट्याचा पीळ नेमका उतरवणारे हात येथल्याच कारागिरांचे होते, आणि जी वेशभूषा आज मुंबईच्या रस्त्यावर कुठेही दिसत नाही तिचा हा विश्वसनीय पुरावा आहे.

बाहेरचे आवार वगळू नका. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्ती तेथे आहे. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून तो उभा करण्यात आला. काळा घोडा परिसराला ज्या अश्वारूढ पुतळ्यामुळे नाव मिळाले तो पुतळाही १९६५ पासून याच बागेत आहे. संग्रहालय बुधवारी बंद असते. अधूनमधून दुरुस्तीसाठीही ते बंद ठेवले जाते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.