जुना खेळ, नवा कोड आणि मूळ मालकाचा हक्क

प्रश्न : आम्ही चार मित्र संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. रेल्वे आणि बसवाहतुकीचा व्यवसाय उभारण्याचा १९९०च्या दशकातील एक खेळ आम्ही सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहीत आहोत. मूळ सीडी माझ्या मामांकडे आहे. सोलापूर, होटगी, कुर्डुवाडी, बार्शी असा नकाशा आम्ही तयार केला असून त्यावर बार्शी लाइट रेल्वेचे जुने इंजिनही धावते. इतर चित्रे आणि आवाज मात्र सीडीतीलच आहेत. काही चित्रांचे रंग आम्ही बदलले आहेत. मूळ कंपनी बंद पडल्याचे ऐकतो. हा खेळ त्याच नावाने, सोर्स कोडसह सर्वांना मोफत द्यावा आणि गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावून फक्त पेनड्राइव्हची किंमत घ्यावी, असा विचार आहे. कमाई करायची नसल्यास अडचण येऊ शकते का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : येऊ शकते, आणि ती तुम्ही लिहिलेल्या कोडमुळे येण्याआधी सीडीतून उचललेल्या चित्रांमुळे व आवाजांमुळे येईल. पैसे घेतले नाहीत तर प्रताधिकाराचा भंग होत नाही, ही समजूत फार पसरलेली आहे. परंतु १९५७च्या प्रताधिकार कायद्याने प्रती काढण्याचा आणि त्या लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्कच मालकाला दिलेला असल्यामुळे, तुम्हाला नफा झाला की नाही हा प्रश्न नंतरचा ठरतो. शिवाय स्टॉलवर पेनड्राइव्हची का होईना, किंमत घेतलीत की 'आम्ही मोफत वाटतो' हे म्हणणेही लंगडे पडते.

आधी कोडचे, म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या मजकुराचे, पाहू. आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती मानली आहे. म्हणजे संरक्षण मिळते ते लिहिलेल्या मजकुराला, त्यामागील कल्पनेला नव्हे. सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. विणलेली चादर निरखून, विणीचा हिशेब स्वतः मांडून आपल्या जकार्ड मागासाठी भोकांची कार्डे पाडणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या कारखान्यातील कार्डांची चळत आणून भोकाला भोक जुळवत नवी पाडणे वेगळे. मूळ खेळ खेळून, गाडी किती वेगाने चढ चढते, मालाचे भाडे अंतरानुसार कसे बदलते याची टिपणे काढून कोड लिहिला असेल, तर तुम्ही पहिल्या वाटेवर आहात. कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्रामचे काम निरखण्याची, अभ्यासण्याची आणि तपासण्याची मुभा देते. स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती अन्यत्र सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करण्याचीही सवलत त्याच कलमात आहे. सीडीवरील फाइलींची रचना उलगडणे या सवलतीत बसते, असे माझे मत आहे. डिसअसेंब्लर (तयार प्रोग्राममधील सूचना वाचता येतील अशा रूपात काढणारे साधन) लावून संपूर्ण प्रोग्राम ओळीमागून ओळ उतरवून घेणे मात्र त्यात बसवता येईल, असे मला वाटत नाही.

तुम्ही यांपैकी काय केले आहे हे पत्रात लिहिलेले नाही, आणि नेमके तेच महत्त्वाचे आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' आणि 'व्हाइस सिटी' या खेळांचा कोड चाहत्यांच्या एका गटाने तयार प्रोग्रामवरून उलट दिशेने उलगडून पुन्हा लिहिला आणि 'आरई३' या नावाने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला. चित्रे व आवाज त्यांनी दिलेच नव्हते. खेळणाऱ्याने स्वतःची विकत घेतलेली प्रत आणावी, अशी त्यांची अट होती. तरीही फेब्रुवारी २०२१मध्ये टेक-टू या मालक कंपनीच्या नोटिशीवरून तो कोड तेथून काढला गेला, गटाच्या प्रतिनोटिशीनंतर काही महिन्यांनी परत आला आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने कॅलिफोर्नियातील न्यायालयात थेट दावाच लावला. उलट 'ट्रान्स्पोर्ट टायकून डिलक्स' या वाहतुकीच्या जुन्या खेळावरून २००४मध्ये आलेल्या 'ओपनटीटीडी'चा उगमही असाच मूळ प्रोग्राम उलगडण्यात आहे, आणि २०२१मध्ये तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातही उघडपणे आला. या दुसऱ्या उदाहरणाने हुरळून जाऊ नये. मालक गप्प बसला याचा अर्थ त्याने परवानगी दिली असा होत नाही.

चित्रांच्या बाबतीत मात्र 'ओपनटीटीडी'चा कित्ता जरूर गिरवावा. सुरुवातीची काही वर्षे तो मूळ खेळाच्या फाइलींशिवाय चालत नसे. स्वयंसेवकांनी इंजिने, डबे, घरे, झाडे, आवाज आणि संगीत असे सगळे नव्याने तयार केले आणि २०१०पासून मूळ सीडी नसलेल्यालाही तो खेळता येऊ लागला. हे काम कंटाळवाणे असते. एकाच डब्याचे आठ दिशांचे चित्र काढावे लागते आणि प्रत्येकात सावली एकाच बाजूला पडावी लागते. म्हणूनच बहुतेक हौशी प्रकल्प कोड पूर्ण करतात आणि येथे दमतात. परंतु रंग बदलल्याने चित्र तुमचे होत नाही, आणि मूळ चित्रावर नवा थर ठेवून त्यावरून गिरवलेले चित्रही तुमचे होत नाही. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही मूळ कृतीचीच रूपांतरे आहेत. तुमचे बार्शी लाइटचे इंजिन याला अपवाद ठरू शकेल. १८९७मध्ये सुरू झालेल्या त्या अरुंद मार्गाच्या गाडीची जुनी छायाचित्रे पाहून ते स्वतः रेखाटले असेल, तर खेळातील तेवढा तुकडा आज निःशंकपणे वाटण्याजोगा आहे. बाकीची चित्रेही तशीच काढावीत, हा माझा आग्रह आहे. तोवर दुसरा मार्ग असा की तुम्ही फक्त इंजिनाचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड द्यावा आणि चित्रे खेळणाऱ्याने स्वतःच्या सीडीवरून घ्यावीत. मामांच्या सीडीची प्रत मात्र कुणालाही देऊ नये.

खेळाचे नियम कुणाच्या मालकीचे नसतात, हे खरे. पण हे तत्त्व ताणूही नये. अमेरिकेत २०१२मध्ये टेट्रिस या तुकडे रचण्याच्या खेळाच्या मालकांनी झिओ या कंपनीवर केलेल्या दाव्यात, आम्ही केवळ नियम घेतले हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. तुकड्यांचे आकार, दहा बाय वीसचा पट, खाली दिसणारी तुकड्याची छाया अशी बाह्य मांडणी जशीच्या तशी घेतली होती. तेव्हा पैशाचा हिशेब, कर्ज, स्पर्धक कंपन्या हे सगळे ठेवा; पडद्यावरील खिडक्या, बटणे आणि चिन्हे मात्र स्वतःची करा.

कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही. भारतात साहित्यकृतीचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते आणि प्रताधिकाराविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारामुळे परदेशी कृतींनाही ते मिळते. त्या हिशेबाने १९९०च्या दशकातील एकही खेळ अद्याप मुक्त झालेला नाही. कंपनी बुडते तेव्हा तिचे हक्क विकले जातात. उदाहरणार्थ, मायक्रोप्रोज ही खेळांची कंपनी १९९३मध्ये स्पेक्ट्रम होलोबाइटकडे गेली, १९९८मध्ये हॅस्ब्रोकडे आणि २००१मध्ये इन्फोग्रामकडे, जिने पुढे अटारी हे नाव घेतले. असा माग काढून शेवटच्या मालकाला पत्र लिहिणे निष्फळच ठरते असे नाही. ईए या खेळांच्या कंपनीने 'कमांड अँड कॉन्कर' मालिकेतील पहिले दोन खेळ २००७ आणि २००८मध्ये मोफत केले आणि २०२०मध्ये त्यांचा बराचसा कोडही जीपीएल या मुक्त परवान्याखाली (कोड वापरा, बदला, वाटा; पण वाटताना सोर्स कोडही द्या) दिला. त्या परवान्यात चित्रे आणि संगीत नव्हते, हे लक्षात ठेवावे.

नाव बदला. व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायम टिकवता येते, त्यामुळे तेथे जुनेपणाचा काहीच उपयोग नाही. 'अमुक खेळाच्या मूळ फाइलींसह चालतो' असे वर्णनात खरेपणाने लिहिण्यास हरकत नाही.

आता वितरण. मोबाइलच्या स्टोअरवर तक्रार आली की ॲप आधी काढून टाकले जाते आणि चर्चा नंतर होते. ॲपलच्या स्टोअरच्या अटी तर जीपीएलशीच जुळत नाहीत. व्हीएलसी हा प्रसिद्ध प्लेअर जानेवारी २०११मध्ये त्याच कारणाने तेथून गेला होता. सीडीतील चित्रे व आवाज वगळून तुमचा कोड जीपीएलखाली दिलात, तर गड्ड्यावर पेनड्राइव्ह विकण्यास त्या परवान्याची आडकाठी नाही, किंमतही हवी ती घ्या. मात्र त्याच पेनड्राइव्हवर संपूर्ण सोर्स कोड आणि परवान्याचा मजकूर असू द्या. तुम्ही चौघांनी लिहिलेल्या कोडवर चौघांचाही हक्क असल्याने कोणता परवाना लावायचा हे आजच लेखी ठरवून सह्या करा; नोकरीनिमित्त एकजण पुण्याला गेला आणि एकजण हैदराबादला, की हे काम राहून जाते.

प्रश्न : माझे नवी पेठेत छोटे गेमिंग पार्लर आहे. 'डूम' या जुन्या खेळाचा कोड खुला झालेला आहे, त्यामुळे तो सर्व संगणकांवर टाकला तर चालतो, असे एका गिऱ्हाइकाने सांगितले. हे खरे आहे का?
— एक व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : अर्धे खरे आहे. आयडी सॉफ्टवेअर या मूळ कंपनीने 'डूम'चा कोड डिसेंबर १९९७मध्ये खुला केला आणि १९९९मध्ये तो जीपीएलखाली आणला. परंतु पातळ्या, राक्षस, भिंतींची चित्रे आणि आवाज ज्या फाइलीत असतात ती फाइल आजही विकतच घ्यावी लागते. गिऱ्हाइकाने आणून दिलेली फाइल बेकायदा आहे हे माहीत असूनही आपण संगणकावर वापरली, तर कलम ६३ बी लागू होऊ शकते. त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. घरगुती वापराच्या बाबतीत न्यायालय कैद माफ करू शकते, व्यवसायासाठी वापरणाऱ्यास ती सवलत नाही. त्याऐवजी 'फ्रीडूम' हा प्रकल्प पाहावा. त्यातील पातळ्या, चित्रे आणि आवाज स्वयंसेवकांनी नव्याने तयार केलेले असून ते 'डूम'च्या खुल्या कोडवर चालतात आणि त्यांचा परवाना व्यावसायिक वापरालाही मुभा देतो. पार्लरच्या पाटीवर मात्र 'डूम' असे न लिहिता 'फ्रीडूम' असेच लिहावे.