‘तृतीयपंथी’ की ‘पारलिंगी’, आणि आजींचं अडखळणं

प्रश्न असा आहे: बहिणीचं थोरलं अपत्य आता मुलगी म्हणून राहतं. तिला तृतीयपंथी म्हणावं, किन्नर की पारलिंगी (ट्रान्सजेंडर)? शिवाय आजी तिच्याशी बोलताना अडखळतात, त्यांनी काय करावं?

‘तृतीयपंथी’ मराठीत रुळलेला आहे, सरकारी कागदांतही दिसतो. पण त्यात पंथ आहे. गुरू-चेल्यांची परंपरा जपणाऱ्या समाजाला तो लागू पडतो, ‘किन्नर’ही तसाच. तुमची भाची कुठल्या पंथात गेलेली नाही, आणि ती स्वतःला तिसरी म्हणवत नाही, मुलगी म्हणवते. स्त्री, पुरुष की तृतीयलिंगी हे ज्याचं त्याने ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केलंच आहे. तेव्हा शब्द लागलाच तर ‘पारलिंगी’. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या हिंदी नावातला ‘उभयलिंगी’ मात्र मराठीत नको. आपण तो शाळेत गांडुळाच्या धड्यात शिकतो.

घरात यातला एकही शब्द लागत नाही. तिथे ती भाची, नात. आजींची अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. मराठीत ‘मी जाते’ म्हणतानाच बोलणारी कोण ते कळतं. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो’ म्हणतात, ती गोष्ट वेगळी.) ‘कधी आलास?’ या एका ‘लास’ने त्या मुलीचा चेहरा उतरतो. आणि नपुंसकलिंग तान्ह्या बाळाला गोड वाटतं, मोठ्या माणसाला ‘ते आलं’ म्हटलं की झोंबतं.

जीभ वळेपर्यंत आजींना व्याकरणच हात देईल. ‘चहा घेतलास का?’ यातला ‘लास’ चहाचा आहे, ‘भाकरी खाल्लीस का?’ यातला ‘लीस’ भाकरीचा. ‘उद्या येशील ना?’ यात लिंग नाही. ‘बाळा, जेवून घे’ यातही नाही. पण हा आडोसा थोड्या दिवसांचाच असू द्या, कारण ‘आलीस का गं?’ ऐकायला ती थांबलेली असणार. चुकलं तर तिथेच ‘आलीस’ म्हणून दुरुस्त करावं, माफीचा पाढा वाचू नये.

लहानपणच्या आठवणी सांगताना ‘तो पहिलीत होता’ म्हणावं की ‘ती होती’? बहुतेकींना ‘ती’च हवं असतं, पण हे तिलाच विचारा. आधीच्या नावाचंही तसंच.