'यूएक्स डिझाइन' आणि 'प्रॉडक्ट डिझाइन': कोण कुणाच्या पोटात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नोकरीच्या जाहिरातीचं मराठी करायचं आहे. तिच्यात 'यूएक्स डिझायनर' (यूएक्स म्हणजे 'युजर एक्स्पीरियन्स', वापरणाऱ्याला येणारा अनुभव) आणि 'प्रॉडक्ट डिझायनर' अशी दोन पदं आहेत, पण खाली दिलेली कामं जवळजवळ सारखीच. दोन्हींना 'आरेखक' म्हटलं तर चालेल का? आणि मुळात ही दोन वेगळी कामं आहेत, की एकाच कामाची जुनी आणि नवी नावं?

कामं वेगळी आहेत. 'आरेखक' मात्र दोघांपैकी कुणालाच शोभणार नाही. त्याकडे नंतर येतो, कारण खरा घोळ 'यूएक्स'मुळे होत नाही, तो 'प्रॉडक्ट'मुळे होतो.

'प्रॉडक्ट डिझाइन' हा शब्द आज दोन घरांत नांदतो. जुनं घर कारखान्याचं. विजेची उपकरणं बनवणाऱ्या एईजी या जर्मन कंपनीने १९०७ साली पेटर बेहरेन्स यांना कलाविषयक सल्लागार नेमलं आणि त्यांनी तिचे दिवे, पंखे, किटल्या घडवल्या. औद्योगिक डिझाइनचा इतिहास सांगणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. या घरातला प्रॉडक्ट डिझायनर साचा, धातू, वजन, पकड, जोडणी, दुरुस्ती यांत गुंतलेला असतो. हजारो नग एकसारखे निघाले पाहिजेत आणि परवडलेही पाहिजेत, ही त्याची कायमची विवंचना. नवं घर सॉफ्टवेअरचं. ॲप आणि संकेतस्थळं चालवणाऱ्या कंपन्या आपल्या मालाला 'प्रॉडक्ट' म्हणू लागल्या, तेव्हा त्या मालाची आखणी करणारा आपसूक 'प्रॉडक्ट डिझायनर' झाला. २०१० नंतर हे पदनाम जोरात पसरलं. त्यामुळे खुर्चीचा पाय किती जाड असावा हे ठरवणारी व्यक्ती आणि ॲपमधून पैसे पाठवताना मधे किती पायऱ्या असाव्यात हे ठरवणारी व्यक्ती, दोघींच्या ओळखपत्रावर एकच पद दिसतं. म्हणून फरक विचारणाऱ्याला माझा पहिला प्रतिप्रश्न: कुठलं प्रॉडक्ट?

'युजर एक्स्पीरियन्स'चं मूळ त्यामानाने नेमकं सांगता येतं. डॉन नॉर्मन हे माणसाच्या आकलनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. ते १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि तिथे त्यांनी 'युजर एक्स्पीरियन्स आर्किटेक्ट' असं पदनाम घेतलं. 'ह्यूमन इंटरफेस' (माणूस आणि यंत्र यांच्यातला दुवा) आणि 'युजेबिलिटी' (वापरसुलभता) हे तेव्हा रुळलेले शब्द त्यांना तोकडे वाटत होते. पडद्यावरची मांडणी, यंत्राचा आकार, हाताळणी, इतकंच काय, सोबत येणारं माहितीपुस्तक, हे सगळं त्यांना एका शब्दाखाली आणायचं होतं.

आता गंमत बघा. नॉर्मन यांच्या यादीत औद्योगिक डिझाइनही होतं. म्हणजे त्यांच्या लेखी प्रॉडक्ट डिझाइन हे अनुभवाच्या पोटात. आजच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नेमकं उलट सांगतात: यूएक्स हा प्रॉडक्ट डिझाइनचा एक भाग. दोन्ही विधानं आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण मधल्या काळात 'प्रॉडक्ट'ने घर बदललं आणि 'यूएक्स' आक्रसला. नॉर्मन यांनी फुगवून ठेवलेला हा शब्द बाजाराने पडद्यापुरता कापला. त्यांनी स्वतःही पुढे याबद्दल नाराजी बोलून दाखवली आहे. 'यूएक्स म्हणजे ॲपचे पडदे' हा समज आता इतका मुरला आहे की तो उपटणं कठीण. पण निदान शब्दचर्चेत तरी तो खपवून घेऊ नये असं मला वाटतं.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ९२४१-२१० या मानकात अनुभवाची जी व्याख्या आहे, ती पडद्यापेक्षा कितीतरी ऐसपैस आहे. एखादी वस्तू, प्रणाली किंवा सेवा वापरताना, किंवा ती वापरू या अपेक्षेनेही, माणसाला जे जाणवतं आणि त्यावर त्याचा जो प्रतिसाद असतो, तो अनुभव. अपेक्षेनेही, हा भाग फार मोलाचा. वस्तू हातात येण्याआधीच अनुभव सुरू झालेला असतो, आणि ती बाजूला ठेवली तरी तो संपत नाही.

वस्तू घडवणं आणि अनुभव घडवणं यांतली फट एका माणसाला कशी जाणवली, हे बिल मॉग्रिज यांच्या कामात छान दिसतं. मॉग्रिज पक्के जुन्या घरातले, औद्योगिक डिझायनर. १९८२ साली बाजारात आलेला 'ग्रिड कंपास' हा संगणक त्यांच्या हातचा. त्याचा पडदा कळफलकावर मिटायचा, आजच्या लॅपटॉपसारखा. तेव्हा ही कल्पना नवीकोरी होती. बिजागरीपासून आवरणापर्यंत सगळ्यावर त्यांनी मेहनत घेतली होती. चालता नमुना हाती आला, ते स्वतः वापरायला बसले, आणि काही मिनिटांतच ते सगळं कौतुक मागे पडलं. त्यांचं लक्ष पुरतं पडद्याआडच्या सॉफ्टवेअरने ओढून घेतलं. ज्याच्याशी आपला खरा व्यवहार चालतो तो भाग आपण घडवलेलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या कामाला नाव हवं म्हणून त्यांनी आधी 'सॉफ्टफेस' सुचवलं. सहकारी बिल व्हर्प्लांक यांनी 'इंटरॅक्शन डिझाइन' सुचवलं, आणि ते टिकलं. बरं झालं टिकलं, नाहीतर 'मऊ चेहरा' मराठीत आणताना आपली भंबेरी उडाली असती.

उलट बाजूचं उदाहरण ॲपलच्याच १९९८ च्या गोल माउसचं. वस्तू म्हणून देखणी, ॲपलच्या आय-मॅक या संगणकाच्या रंगाशी जुळणारी. पण पूर्ण गोल असल्याने न बघता धरली की पुढची बाजू कुठली ते हाताला कळत नसे, आणि पडद्यावरचा बाण भलतीकडे जाई. दोन वर्षांत ॲपलने ती बदलली. इथे वस्तूचं डिझाइन चांगलं आणि अनुभवाचं वाईट, असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. जुन्या घरातला चांगला डिझायनरही हाताचा विचार करतोच. पकड हा त्याच्याच खात्यातला विषय. इतकंच म्हणता येईल की 'ही वस्तू कशी आहे' आणि 'ती वापरताना माणसाचं काय होतं' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याचं उत्तर छान आलं म्हणून दुसऱ्याचं येतंच असं नाही.

नव्या घरात फरक जास्त बारीक आहे, आणि तिथे तो जबाबदारीचा आहे. समजा, औषधाची वेळ आठवून देणारं ॲप करायचं आहे. यूएक्सचं काम करणारी व्यक्ती औषध घेणाऱ्यांशी बोलेल, ते दिवसभर काय करतात ते बघेल. सूचना ऐकू येते का, 'घेतलं' हे बटण थरथरत्या बोटाला सापडतं का, गोळी चुकली तर पुढे काय करायचं ते कळतं का, हे ती तपासेल. कच्चे आराखडे करून चार-पाच जणांना वापरायला देईल, कुठे अडतात ते टिपेल. प्रॉडक्ट डिझायनरलाही हे सगळं यावं लागतं, पण त्याचे प्रश्न इथे थांबत नाहीत. हे ॲप रुग्णासाठी की त्याची काळजी घेणाऱ्यासाठी? पहिल्या आवृत्तीत काय ठेवायचं आणि काय गाळायचं? पैसे कोण देणार? सहा महिन्यांनी कुठला आकडा बघून काम जमलं म्हणायचं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: असं ॲप हवंच कशाला? लहान कंपनीत ही दोन्ही माणसं एकच असतात. जाहिरातीतली कामं सारखी दिसली त्याचं कारण बहुधा हेच.

इथे मराठीतला एक भेद कामाला येतो, 'वापरणारा' आणि 'ग्राहक' यांतला. खेळणं मूल वापरतं, विकत पालक घेतात. हजेरीचं सॉफ्टवेअर शिक्षक वापरतात, पैसे संस्था मोजते. यूएक्स वापरणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. प्रॉडक्ट डिझायनरला वापरणारा, ग्राहक आणि विकणारा या तिघांचीही मर्जी राखायची असते. मर्जी जुळली की उत्तम. वापरसुलभतेचे अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी सांगितलेला किस्सा या क्षेत्रात फार फिरतो: एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी नोंदणीची सक्ती होती. ती काढून तिथे 'पुढे चला' एवढंच बटण ठेवलं, खातं उघडायची गरज नाही असं लिहिलं, आणि खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. वापरणाऱ्याची कटकट गेली आणि विकणाराही खूश. पण वर्गणी बंद करण्याचं बटण कुठे ठेवायचं यावर हेच दोघे समोरासमोर येतात. ते मुद्दाम लपवण्यासारख्या क्लृप्त्यांना यूएक्स डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. त्यांच्या मागे बहुतेकदा अडाणीपणा नसतो. वापरणारा कुठे थकतो, कुठे कंटाळून सोडून देतो, हे नीट ठाऊक असलेल्या कुणीतरी त्या घडवलेल्या असतात. यूएक्सची विद्या तीच, तिचा धनी तेवढा बदलला.

आता मराठी शब्दांकडे. 'आरेखक' हे पद सरकारी मराठीत आधीच गेलेलं आहे: नकाशे आणि तांत्रिक चित्रं काढणारा तो आरेखक. इथे तोच शब्द वापरला तर हा मनुष्य चित्रं काढतो असं वाटेल, आणि त्याच्या कामातला निरीक्षणाचा, निवडीचा, तपासणीचा भाग पुसला जाईल. 'उत्पादन आरेखन' तर दुहेरी फसवं. 'उत्पादन' म्हणजे निघालेला माल आणि माल काढण्याची क्रियाही, त्यामुळे वाचणारा थेट कारखान्याच्या यंत्रांपाशी पोचतो. 'वापरकर्ता अनुभव' ही दोन नामं नुसती शेजारी उभी आहेत, प्रत्ययही नाही आणि समासही नीट बसलेला नाही. 'अनुभवी डिझायनर' असं घाईत कुणी केलं तर अर्थच पालटतो. शिवाय मराठीत अनुभव 'येतो' किंवा 'घेतला जातो', दुसऱ्याचा अनुभव आपण 'करत' नाही. 'त्या दुकानाचा चांगलाच अनुभव आला' यातल्या 'चांगलाच'चा अर्थ मराठी माणसाला समजावावा लागत नाही. अनुभव तिऱ्हाईताच्या हाती नसतो; त्याला फार तर अनुकूल अशी योजना करता येते.

माझी निवड सांगतो. वर्णनपर मजकुरात यूएक्ससाठी 'वापरानुभव योजना' बरं वाटतं, जुन्या घरातल्या प्रॉडक्ट डिझाइनसाठी 'वस्तुरचना'. सॉफ्टवेअरमधल्या प्रॉडक्ट डिझाइनला मात्र मला मनासारखा मराठी शब्द सापडलेला नाही. पदनाम म्हणून तर तिन्ही ठिकाणी 'यूएक्स डिझायनर', 'प्रॉडक्ट डिझायनर' असंच देवनागरीत ठेवावं, कारण उमेदवार शोधताना हेच शब्द टाइप करणार. जाहिरातीत कामं सारखी असतील तर मराठी करण्याआधी ती लिहिणाऱ्यालाच एक विचारून घ्यावं: काय बनवायचं आणि काय नाही, हे ठरवण्यात या माणसाला मत असेल का? हो असेल तर प्रॉडक्ट डिझायनर. ते दुसऱ्याने ठरवलेलं असून हा फक्त ते वापरायला सोपं करणार असेल तर यूएक्स, मग वर पदनाम काहीही छापलेलं असो. आणि तिथेच 'यूएक्स/यूआय' अशी तिरकी रेघ दिसली तर ती मराठीत जशीच्या तशी आणू नये. यूआय म्हणजे 'युजर इंटरफेस', दिसणारी, बोटाखाली येणारी मांडणी, ती अनुभवाचा एक भाग. रेघेने ते समानार्थी वाटतात. 'यूएक्स आणि यूआय' लिहिलं की निदान दोन कामं मागितली आहेत हे तरी उमेदवाराला कळेल, आणि पगार बोलताना ते त्याच्या उपयोगी पडेल.