काउन्सिलरकडे ती स्वतःहून गेली

प्रश्न : मुलगी इंदूरच्या सीबीएसई शाळेत नववीत आहे. आठवीपासून भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये जेईई फाउंडेशनची (आयआयटी प्रवेश परीक्षेच्या पूर्वतयारीची) बॅच लावली आहे. शाळेत दर शनिवारी वेलनेसचा (मनाच्या आरोग्याचा) तास असतो, शिवाय तिने नाटकाच्या क्लबात नाव दिलंय. मध्यंतरी ती शाळेच्या काउन्सिलरना भेटून आली आणि मॅडमचा घरी फोन आला. गणितात ९१ वरून ७४ वर आली आहे. तास आणि क्लब या दोन्हींतून सूट मिळण्यासाठी अर्ज कसा लिहावा? काउन्सिलरची नोंद रेकॉर्डवर राहील का?
— एक पालक, सुदामा नगर

उत्तर : तुमच्या पत्रात पाच चाचण्यांचे विषयवार गुण आहेत. आणि पानाच्या अगदी तळाशी, जाता जाता लिहिल्यासारखं, हे वाक्य : 'हल्ली रात्री जेवायला उठत नाही, वाजवायची पेटी तर उघडतच नाही.' मला काळजी वाटली ती या ओळीची.

झोपायला रात्रीचा एक, उठायला पहाटेचे पाच, हे तुम्हीच लिहिलंय. या वयात ८ ते १० तास झोप लागते. चार तासांच्या झोपेवर भूकही मरते आणि येणारी गणितंही चुकतात. ७४ का झाले, याचं उत्तर शनिवारच्या एका तासात शोधू नका.

मॅडमनी तिला बोलावलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती आपणहून त्यांच्या खोलीत गेली. घरात आई, बाबा, आजी असताना तिला मॅडमशी बोलावंसं वाटलं, याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल तर समजू शकते. पण 'घरातल्या गोष्टी बाहेर सांगितल्या' म्हणून तुम्ही तिला रागावलात! पुढच्या वेळी ती कुणालाच काही सांगणार नाही, मग काय कराल?

रेकॉर्डची भीती मात्र काढून टाका. टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, जन्मतारीख, इयत्ता, फी, वर्तणूक असे रकाने असतात, समुपदेशनाचा नसतो. जेईईच्या फॉर्मवरही नाही. बोलणं स्वतःजवळ ठेवणं हा काउन्सिलरच्या कामाचा नियमच आहे; अपवाद जिवाला धोका असेल तेव्हाचा. काउन्सिलरकडे जाणारं मूल 'डोक्याने कमी' असतं, हा समज तर आपल्या घराघरांत आहे. माध्यमिक शाळेत काउन्सिलर असावा हे सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांतच आहे, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या सगळ्याच शिक्षणसंस्थांना तसं सांगितलं. सगळ्या मुलांसाठी असलेली सोय आहे ही.

शाळांचे असे सगळेच कार्यक्रम चांगले असतात असं नाही. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, पोस्टर, भाषण, ग्रुप फोटो, झालं! काही ठिकाणी काउन्सिलरना रजेवरच्या शिक्षकांचे तास घ्यायला पाठवतात. आज दरडावणाऱ्या बाईंकडे उद्या मन मोकळं करायला कोण जाईल? तुमच्या शाळेत निदान मुलगी जाऊ शकली आणि घरी फोन आला. नाटकही राहू द्या. सध्या तिने स्वतः निवडलेली तेवढी एकच गोष्ट उरली आहे.

आयआयटीचं म्हणाल, तर जेईईचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. दहावीनंतर सुरुवात करून पुरतं. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घ्यायचंच नसतं.

तेव्हा सूट मागणाऱ्या अर्जाचा मसुदा मी देणार नाही. याच आठवड्यात दोघांनी मॅडमना भेटा, गुणपत्रिका न घेता. जेवण असंच तुटलेलं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलली तर तासभरही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

बॅच बंद करा. वर्षाची फी आधीच भरली आहे, असं लिहिलंय तुम्ही. त्याच सूचनांत मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी असंही आहे. अर्ज लिहायचाच आहे ना, मग कोचिंगवाल्यांना लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.