संत्रा गळतोय? फवारणीआधी पडलेले फळ हातात घ्या

वरुड, मोर्शी, काटोल भागातून सध्या येणारे बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे आहेत: "साहेब, आंबिया (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार) गळतोय, काय मारू?" सोबत झाडाखालच्या सड्याचा फोटो. एवढ्यावरून औषध सांगणारे कृषी केंद्रात लगेच भेटतील. मी सांगणार नाही, कारण ऑगस्ट-सप्टेंबरची गळ एकाच कारणाने होत नाही आणि बुरशीनाशकाने पतंग पळत नाही.

पडलेले फळ दाबून पाहा. सालीवर टाचणीएवढे छिद्र असेल आणि तिथून रसाची चिळकांडी उडाली, तर तो रसशोषक पतंग. तो रात्री येतो, म्हणून दिवसा बगीच्यात दिसत नाही. त्याची अळी संत्र्यावर नसतेच. ती धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गुळवेल-वासनवेलीवर वाढते. वेली उपटा, संध्याकाळी बगीच्यात धूर करा, पडलेली फळे रोज वेचून खोल पुरा. औषधी म्हणून गुळवेल जपणारे बरेच आहेत, पण संत्र्याच्या धुऱ्यावर तरी तो मोह सोडा. फळात अळ्या वळवळत असतील तर मात्र ती फळमाशी. तिला मिथाईल युजेनॉलचे सापळे लावा.

जमिनीलगतचीच फळे तपकिरी होऊन सडत असतील तर तो फायटोफ्थोरा. पावसाच्या थेंबांबरोबर मातीतली बुरशी फळावर उडते. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, फोसेटिल एएल 2.5 ग्रॅम प्रति लिटर फवारा. तोडणी जवळ असेल तर डब्यावरचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणीत ठेवायचे अंतर, वाचून घ्या.

फळावर डाग नाही, छिद्र नाही, तरी पिवळे पडून टपकते, असे असेल तर फवारणी पंप ठेवा आणि कुदळ घ्या. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की तंतुमुळे गुदमरतात. दोन ओळींच्या मधून उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढून पाणी बाहेर काढा. माझ्या मते निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच असते, पण चर काढायला मजूर लागतात आणि औषध मोटारसायकलवर येते.

एका शेतकरी भावाने खोडातून डिंक येतो म्हणून विचारले आहे. हा डिंक्या रोग. त्या जागेची साल चाकूने खरवडून काढा आणि खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. दुहेरी आळे (खोडाभोवती एक आणि त्याबाहेर दुसरे, पाणी बाहेरच्यात) करा, म्हणजे ओलिताचे पाणी खोडाला लागत नाही.

नवीन कलमे घेताना खुंट (ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात ते) जंबेरीचा की रंगपूर लाईमचा, हे बिलावर लिहून घ्या. डोळा जमिनीपासून नऊ इंचांवर बांधलेला असावा आणि लावताना तो मातीत जाऊ देऊ नका. स्वस्त कलमाचा हिशेब पाच-सहा वर्षांनी, बहार धरायच्या वेळी लागतो.

फळे तोडण्याआधीच बगीचा झाडावर विकावा का, हेही बऱ्याच जणांनी विचारले. बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवल्यापासून व्यापारी हात आखडता घेतात, हे खरे. तरी सौदा करायचाच असेल तर कागदावर करा आणि सौद्यानंतरची गळ कोणाच्या माथी, हे त्यात आधी लिहा.

पुढचा प्रश्न पाठवताना कापलेल्या फळाचा फोटो, झाडाचे वय, जमीन कशी आहे आणि शेवटचे काय फवारले, एवढे लिहा.