बंधाऱ्यात 'धारा' नाही

प्रश्न आला आहे की, ओढ्याचा पूर वस्तीत शिरू नये म्हणून मातीची जी लहानशी आडवी भिंत घालतात, तिला धरण म्हणावं की बंधारा? आणि बंधारा म्हणजे 'बंद + धारा' हे खरं का?

साफ खोटं. ही फोड ऐकून ऐकून कान किटले. बंधाऱ्यातला 'ध' धारेकडून उसना आणलेला नाही, तो 'बंध्' धातूचा स्वतःचा आहे. दंतचा दांत, स्कंधचा खांदा, तसाच बंधचा बांध. शेताचा बांध सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

खरी गंमत फारसीत आहे. तिथे त्याच धातूचा 'ध' गळून 'बंद' झाला, आणि त्याचाही एक अर्थ धरण! इराणात कोर नदीवर दहाव्या शतकातला बंद-ए-अमीर आहे, तो हाच. आपल्या 'बद्ध'ला तिकडे जोड 'बस्त'. म्हणजे 'बंदोबस्त' या शब्दाचे दोन्ही तुकडे एकाच धातूचे. कापडांचा बस्ताही तोच, बांधलेला गठ्ठा. आता 'पुराच्या बंदोबस्ताला बांध बांधला' हे वाक्य म्हणून पाहा. एकच धातू चार वेळा आला, दोनदा इराणहून आणि दोनदा घरचा.

इंग्रजीतला 'बंड' म्हणजे बांध (शांघायचा प्रसिद्ध नदीकाठ त्याच नावाचा) मात्र फारसीतूनच गेला असावा, असं यूल आणि बर्नेल हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात म्हणतात. कारण काय, तर उच्चारात 'ध' नाही. हा काय पुरावा झाला? इंग्रजांच्या तोंडी महाप्राण, म्हणजे 'ध', 'भ'मधला हकार, टिकतो कुठे? त्यांच्याच कोशात भांगेचं 'बँग' झालेलं आहे, मग भांगही फारसी म्हणायची का? माझ्या मते 'बंड' इथल्या 'बंध'वरूनही सहज होऊ शकतो. आणि तोच शब्द इंग्रजी शेपूट लावून 'बंडिंग' म्हणून शेतात परत आला!

राहिलं नाव. बंधारा बहुधा दगडाचा किंवा काँक्रीटचा, पाणी त्याच्या माथ्यावरून गेलं तरी चालतं. मातीच्या माथ्यावरून पाणी गेलं की माती धुपत जाते आणि भिंत फुटते, म्हणून तिला बाजूने सांडवा, म्हणजे जादा पाण्याला वाट, काढावाच लागतो. तेव्हा बंधारा नको, आणि एवढ्याशा भिंतीला धरण तर नकोच. मातीचा बांध म्हणा, नाल्यावर असेल तर नालाबांध.