मार्काविषयी पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

मार्ककृत शुभवर्तमानावरचा, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकावरचा, तुझा निबंध दोनदा वाचला. ‘पेत्राचा शिष्य मार्क याने रोम येथे हे शुभवर्तमान लिहिले’ असे तू आरंभीच बेधडक लिहिले आहेस; मी ते वाक्य तिथे ठेवले नसते. सोळा अध्यायांत लेखक आपले नाव कुठेही सांगत नाही आणि ‘मार्ककृत’ हा मथळा नंतरचा आहे. मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाष्या होता व त्याने ऐकलेल्या आठवणी अचूक, पण क्रम न लावता लिहून ठेवल्या, हे दुसऱ्या शतकातील बिशप पपियासचे म्हणणे, आणि तेही आपल्याला मिळते ते चौथ्या शतकातील युसेबियसच्या चर्चच्या इतिहासातून. पौल व बर्णबा या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांची ज्याच्यावरून ताटातूट झाली तो योहान मार्क हाच लेखक, असे परंपरा मानते. ती टाकून देऊ नकोस. फक्त परंपरा म्हणून सांग.

मजकूर स्वतः काय सांगतो ते पाहा. ‘तलीथा कूम’ (मुली, ऊठ) या अरामी शब्दांचा अर्थ लेखक तिथल्या तिथे देतो, हात धुण्याची यहुदी रीत समजावतो, विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांची (अगदी हलक्या नाण्यांची) किंमत रोमी नाण्यात सांगतो, म्हणजे त्याचे वाचक यहूदियाबाहेरचे असणार. काळ बहुतेक अभ्यासक इ. स. ७०च्या आसपास धरतात.

खरा मार्क मात्र बारकाव्यांत सापडतो. वादळात येशू तारवाच्या मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला आहे. मत्तय आणि लूक हे दुसरे शुभवर्तमानकार हीच घटना सांगतात, पण उशी त्यांच्याकडे नाही. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात असताना, बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री गर्दीत येशूच्या वस्त्राला शिवते आणि तो तिच्यासाठी थांबतो. एका गोष्टीच्या पोटात दुसरी घालण्याची ही मार्काची लकब. ‘लगेच’ हा शब्द चाळीसेक वेळा वापरणारा लेखक नेमका इथे बापाला ताटकळत ठेवतो! (आपल्या भाषांतरांत तो शब्द बऱ्याचदा गळतो, हे माझे जुने दुखणे.)

शेवटाला तू दीडच ओळ दिली आहेस. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर (१६:८) संपते: स्त्रिया कबरेपासून पळतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचने मागाहून जोडली गेली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. नवा मसुदा या भीतीपासून सुरू कर आणि लेखकाचे नाव शेवटच्या पानापर्यंत येऊ देऊ नकोस.

तुझा स्नेहांकित